लाखेच्या तबकडीतला वाद्यवृंद



गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात 'ध्वनी' हा धडा चालू होता. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी वर्गशिक्षिकाबाईंनी आग्रहाने बोलावले म्हणून घरची एक जुनी तबकडी घेऊन गेलो. तबकडी पाहताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एवढी मोठी सीडी?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. तास संपल्यावर एका मुलीने मात्र हळूच विचारले, "सर, हे सगळं संगीत आता मोबाइलवर मिळतं ना? मग ही तबकडी कशाला जपायची?"

प्रश्न अगदी बरोबर होता, पण घंटा झाली होती. त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करतो. विषय आहे पाश्चात्य वाद्यवृंदाच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचा. त्यांचा विसर कसा पडला आणि काही चिकाटीच्या माणसांनी ती पुन्हा लोकांपुढे कशी आणली, हे आपण पाहू. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही शेवटपर्यंत वाचावे. शेवटी त्यांच्यासाठी एक काम आहे.

तबकडी कशाची?

आपल्या बडोद्याच्या बहुतेक मराठी घरांत एखादा तरी संखेड्याचा झोपाळा किंवा पाळणा असतो. तांबूस लाकडावर सोनेरी-रुपेरी नक्षी आणि वर चकचकीत लेप. तो लेप परंपरेने लाखेचा. सुतारकाका कपाटाला पॉलिश करतात तेव्हा चपड्याचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घालतात. तो चपडा म्हणजेही शुद्ध केलेली लाखच. महाभारतातले लाक्षागृह तुम्हाला ठाऊक आहेच.

लाख हा एका बारीक कीटकाचा स्राव. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. छोटा नागपूरच्या जंगलांतले आदिवासी ही लाख गोळा करत आणि तिथून ती जगभर जाई. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेवर संशोधन करणारी संस्था सुरू झाली. लाखेला एवढे महत्त्व येण्याची जी कारणे होती, त्यांतले एक मोठे कारण म्हणजे ग्रामोफोनची तबकडी.

एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. आधी कडक रबराच्या तबकड्या करून पाहिल्या, पण त्या समाधानकारक निघाल्या नाहीत. १८९० च्या दशकाच्या मध्यास लाखेचे मिश्रण सापडले आणि पुढची पन्नासेक वर्षे तेच चालले. तबकडी निव्वळ लाखेची नसे. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू असत. हे सगळे बांधून ठेवण्याचे काम लाख करी. गरम असताना ती मऊ होते, साच्यात दाबली की बारीकातली बारीक खाच उचलते आणि थंड झाली की काचेसारखी टणक होते. काचेसारखीच ठिसूळही!

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्याच गैसबर्गने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिलानमध्ये कारुसोचे गाणे घेतले होते. कलकत्त्याची मुद्रणे तबकड्या होण्यासाठी जर्मनीतल्या हानोव्हरला गेली, कारण आपल्याकडे तेव्हा कारखाना नव्हता. तो कलकत्त्यात सियालदहला १९०८ साली आला. म्हणजे आपली लाख जहाजाने युरोपात जायची आणि आपलेच गाणे होऊन परत यायची. युरोपातल्या वाद्यवृंदांची मुद्रणेही याच लाखेवर उमटली.

कर्ण्यासमोर वाद्यवृंद

मोठ्या वाद्यवृंदात ऐंशी-नव्वद वादक असतात. व्हायोलिन, चेलो, बासऱ्या, क्लॅरिनेट, तुताऱ्या, नगारे. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. खोलीत एक मोठा पत्र्याचा कर्णा असे. त्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई. आवाजाच्या लाटा कर्ण्यात शिरत, पडदा थरथरे आणि सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर नागमोडी खाच कोरी. विजेचा यात काही संबंध नाही. वादकाच्या हाताची ताकद हीच सुई हलवणारी शक्ती.

आता अडचण लक्षात घ्या. एकटा गायक कर्ण्यात तोंड घालून गाऊ शकतो. ऐंशी वादक कुठे बसणार? म्हणून कर्ण्याजवळ मावतील तेवढेच, बरेचदा दोन-तीन डझन वादक घेत. व्हायोलिनचा आवाज कमी पडे, म्हणून लाकडी पेटीऐवजी पातळ पडदा आणि धातूचा कर्णा लावलेले 'स्ट्रो व्हायोलिन' वापरत. तंतुवाद्यांतले सर्वांत खर्जाचे डबल बास तर मुद्रणात उमटतच नसे, म्हणून त्याचे सूर ट्यूबा नावाच्या मोठ्या पितळी वाद्यावर वाजवून घेत. आजच्या कानाला ही मुद्रणे खोक्यात बंद केल्यासारखी वाटतात, ती यामुळे.

दुसरी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चार किंवा थोडी अधिक. आपल्या नाट्यपदांनी आणि ख्यालांनी या मर्यादेत स्वतःला बसवले. पण सिम्फनी म्हणजे बहुधा चार भागांची सलग रचना, अर्ध्या तासाची तरी. ती चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत कापावी लागे. संचालक हात उंचावून थांबे, नवी मेणाची तबकडी चढे आणि पुढचा तुकडा सुरू होई. ऐकणाऱ्यालाही दर चार मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागे.

एवढ्या अडचणींतूनही काहींनी धाडस केले. १९०९ मध्ये ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीचा 'नटक्रॅकर सूट' हर्मन फिंक यांच्या संचालनाखाली लंडनमध्ये मुद्रित करून चार दुहेरी तबकड्यांच्या संचात विकायला काढला. तबकड्यांच्या पहिल्या 'अल्बमां'त त्याची गणना होते.

पहिला कोण?

बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी १८०८ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली. तिचे पहिले पूर्ण ध्वनिमुद्रण कोणाचे? कितीतरी वर्षे याचे ठरलेले उत्तर होते, आर्थर निकिश आणि बर्लिन फिलहार्मोनिक, नोव्हेंबर १९१३, आठ बाजू. निकिश हे त्या काळचे थोर संचालक आणि वाद्यवृंद जगप्रसिद्ध. त्यामुळे उत्तर पटण्यासारखेही होते.

पण जुन्या याद्या आणि तबकड्या धुंडाळणाऱ्यांनी दाखवून दिले की, १९१० च्या सुमारासच बर्लिनमध्ये ओडियन कंपनीसाठी फ्रीड्रिक कार्क नावाच्या संचालकाने हीच सिम्फनी मुद्रित केली होती. कार्क यांचे नाव आज संगीताच्या अभ्यासकांनाही सहसा आठवत नाही आणि वाद्यवृंदही कंपनीने जमवलेला. नाव मोठे नव्हते म्हणून काम कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

मित्रांनो, इथे थोडे थांबा. निकिश यांचे काम यामुळे लहान होत नाही. पण 'पहिला' हा शब्द किती जपून वापरावा हे यातून कळते. आपल्याला ठाऊक असलेल्यांत पहिला, एवढेच आपण म्हणू शकतो. पुस्तकात छापले आहे म्हणजे शोध संपला असे नाही. एखाद्या माळ्यावरची एक तबकडी छापील इतिहास दुरुस्त करू शकते.

असेच दुसरे उदाहरण. गुस्ताव्ह माहलर यांच्या चौथ्या सिम्फनीचे पहिले पूर्ण ध्वनिमुद्रण व्हिएन्ना, बर्लिन किंवा न्यूयॉर्कमध्ये झाले असेल असे कोणालाही वाटेल. ते झाले टोकियोत, मे १९३० मध्ये. हिदेमारो कोनोये यांनी तिथल्या 'न्यू सिम्फनी ऑर्केस्ट्रा'कडून ते करून घेतले. हाच वाद्यवृंद आज एनएचके सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणून ओळखला जातो. पुढे हे मुद्रण सीडीवर आले आणि आज ते ऐकता येते.

विसर का पडला?

पहिले कारण विज्ञानाचे. १९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विजेवर चालणारी ध्वनिमुद्रणाची पद्धत आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांनी फिलाडेल्फिया वाद्यवृंदाकडून सँ-सॉन्स यांची 'दॉंस माकाब्र' ही रचना या पद्धतीने मुद्रित केली. मोठ्या वाद्यवृंदाचे ते पहिले विद्युत ध्वनिमुद्रण मानले जाते. आता खर्जही ऐकू येऊ लागला आणि दालनातला घुमाराही. नवे आल्यावर जुने कोण घेणार? कर्ण्यावरची मुद्रणे विक्रीच्या याद्यांतून भराभर गळाली.

दुसरे कारण राजकारणाचे. ऑस्कर फ्रीड हे बर्लिनचे संचालक. १९०५ मध्ये त्यांनी माहलर यांची दुसरी सिम्फनी बर्लिनमध्ये सादर केली, तेव्हा स्वतः माहलर हजर होते. माहलर १९११ मध्ये वारले. त्यांनी संचालन केलेल्या वाद्यवृंदाचे एकही ध्वनिमुद्रण नाही. १९२४ मध्ये फ्रीड यांनी हीच दुसरी सिम्फनी कर्ण्यासमोर मुद्रित केली. दोन गायिका, मोठा गायकवृंद, घंटा, सगळा लवाजमा त्या एका कर्ण्यासमोर! तबकड्यांच्या बावीस बाजू भरल्या. माहलर यांच्या कोणत्याही सिम्फनीचे ते पहिले पूर्ण ध्वनिमुद्रण. ज्या साली नामकुमला लाखेची संस्था उभी राहिली, त्याच सालची ही गोष्ट.

नऊ वर्षांनी जर्मनीत नाझी सत्तेवर आले. माहलर जन्माने ज्यू आणि फ्रीडही ज्यू. माहलर यांचे संगीत तिथे बंद झाले. १९३४ मध्ये फ्रीड सोव्हिएत संघात निघून गेले आणि १९४१ मध्ये मॉस्कोत वारले. त्यांच्या बावीस बाजूंना मायदेशात कोणी विचारणारे राहिले नाही.

तिसरे कारण युद्धाचे. दुसऱ्या महायुद्धात लाख ही युद्धसामग्री ठरली. आग्नेय आशिया जपानने व्यापला, जहाजे मिळेनात. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी वापरायची लाख सत्तर टक्क्यांनी कमी करायला लावली. मग जुन्या तबकड्या गोळा करून, भरडून, त्यांच्याच चुऱ्यापासून नव्या काढू लागले. नवी तबकडी हवी तर जुनी आणून द्या, असे दुकानदार सांगत. ज्या धातूच्या साच्यांवरून तबकड्या निघत, त्यांपैकीही पुष्कळ कालांतराने वितळवले गेले.

साचा गेला म्हणजे मूळ गेले. राहिल्या फक्त लोकांच्या घरी असलेल्या तबकड्या. 'मोबाइलवर सगळं मिळतं' याचे उत्तर इथे आहे. मोबाइलवर तेच मिळते जे कोणीतरी, कधीतरी, एखादी तबकडी जपून ठेवल्यामुळे तिथवर पोचले. जे जपले गेले नाही ते मोबाइलवरही नाही.

स्वरलिपी असताना ध्वनिमुद्रण कशाला?

कोणी म्हणेल, पाश्चात्य संगीतात तर प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला असतो. मग जुने वादन हरवले तर काय बिघडले? पुन्हा वाजवता येईल की!

बिघडते ते असे. जुन्या मुद्रणांत व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोट घसरवतात. आपण ज्याला मींड म्हणतो तिच्याशी नाते सांगणारी ही गोष्ट. निकिश यांच्या मुद्रणात लय एकाच चालीने जात नाही, भावानुसार ती धावते आणि रेंगाळते. पुढच्या काळात ही घसरण कमी झाली, लय काटेकोर झाली. कागदावर यातले फारच थोडे लिहिलेले असते. नुसत्या चिजांच्या पुस्तकावरून एखाद्या घराण्याची गायकी कळेल का? तसेच आहे हे. बेथोव्हेनची सिम्फनी शंभर वर्षांपूर्वी खरोखर कशी वाजत होती, याची साक्ष फक्त या खाचा देतात.

पुन्हा प्रसिद्ध करणे म्हणजे काय?

तबकडी लावली, संगणकाला जोडली, झाले, असे हे काम नाही. पायऱ्या पाहा.

पहिली पायरी शोधाची. संचाच्या सगळ्या बाजू हव्यात. आठांपैकी सात असून चालत नाही. शक्य तर एकाच संचाच्या दोन-तीन प्रती मिळवतात आणि प्रत्येक बाजूची सर्वांत कमी झिजलेली प्रत निवडतात. लेबल फाटलेले असेल तर लेबलाजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक वाचतात. तो मुद्रणाचा क्रमांक. कंपनीच्या नोंदींशी तो ताडला की तारीख आणि वादक यांचा माग लागतो.

दुसरी पायरी सुईची. एलपीच्या खाचेसाठीची सुई टोकाशी साधारण एक सहस्रांश इंच त्रिज्येची असते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला साधारण तीन सहस्रांश इंचाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि फक्त खरखर ऐकवते. जाणकार माणूस वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून पाहतो. जुन्या पोलादी पिनांनी खाचेची भिंत जिथे घासली नसेल, तिथे टेकणारी सुई सापडली की जणू वेगळीच तबकडी वाजू लागते.

तिसरी पायरी वेगाची. या तबकड्यांना आपण '७८ फेऱ्यांच्या' म्हणतो, पण १९२० च्या दशकाआधी हा वेग पक्का नव्हता. कोणी ७४ वर मुद्रण करी, कोणी ८० वर. समजा, ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर वाजवली. ७८ भागिले ७४ म्हणजे १.०५४. पेटीवर लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधले प्रमाण असते सुमारे १.०५९. म्हणजे पांढरी एकमधली रचना जवळजवळ काळी एकमध्ये ऐकू येईल, लयही वाढेल आणि आपण म्हणू, 'काय घाईत वाजवायचे पूर्वीचे लोक!' दोष त्यांचा नाही, आपल्या यंत्राचा. म्हणून मूळ रचनेची पट्टी पाहून वेग ठरवतात. त्यातही त्या काळी गावोगावचे सूर थोडे वर-खाली असत, हे ध्यानात ठेवावे लागते.

चौथी पायरी सांध्याची. आठ तुकडे जोडून सलग सिम्फनी करायची. प्रत्येक बाजूचा वेग किंचित निराळा आणि खरखरही निराळी. जोड कळता कामा नये.

किती पुसायचे?

पाचवी पायरी सर्वांत अवघड, कारण ती यंत्राची नाही, विवेकाची आहे.

तबकडीत दोन प्रकारचे नको असलेले आवाज असतात. एक टकटक, म्हणजे ओरखड्यांचा. दुसरा सततचा, पाऊस पडल्यासारखा. टकटक काढणे तुलनेने सोपे. सततचा आवाज मात्र संगीताच्याच वरच्या सुरांत मिसळलेला असतो. संगणकावर तो पूर्ण पुसता येतो, पण त्याबरोबर व्हायोलिनची धार जाते, झांजेचा झणत्कार जातो आणि दालनातली हवाही जाते.

आजोबांचा जुना फोटो स्टुडिओत नीट करायला दिला आणि कारागिराने डागांबरोबर आजोबांच्या सुरकुत्याही पुसल्या तर? फोटो स्वच्छ झाला, पण आजोबा राहिले का? डाग काढायचे, सुरकुत्या ठेवायच्या. कुठली रेघ डाग आणि कुठली सुरकुती हे ओळखायला कान तयार लागतो. अमेरिकेतील वॉर्ड मार्स्टन हे या कामातले फार नावाजलेले गृहस्थ. ते दृष्टिहीन आहेत. मार्क ओबर्ट-थॉर्न हे त्याच क्षेत्रातले दुसरे मोठे नाव. पर्ल, बिडल्फ, नॅक्सॉस अशा कंपन्यांनी अशा जाणकारांकडून जुनी मुद्रणे तयार करवून पुन्हा प्रसिद्ध केली. फ्रीड यांच्या बावीस बाजूही याच वाटेने आधी एलपीवर आणि मग सीडीवर आल्या.

प्रामाणिकपणाचा आणखी एक नियम. काय केले ते सांगायचे. कोणत्या प्रती वापरल्या, वेग कसा ठरवला, कुठला तुकडा खराब होता, हे सोबत लिहायचे. प्रयोगवहीत आपण कृती आणि निरीक्षण लिहितो ना, तसेच.

हक्क कोणाचा?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे १९६० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क आपल्याकडे संपला आहे. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क मात्र वेगळे. ते त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असतात. म्हणून जुनी तबकडी सर्वांसाठी खुली करण्याआधी दोन्ही तपासावे.

अमेरिकेत ही गाठ फार घट्ट होती. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९३० च्या दशकातल्या मुद्रणांवरही तिथे हक्क शिल्लक असल्याचा निकाल नॅक्सॉसविरुद्ध दिला होता. पुढे २०१८ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे तिथे सर्वांसाठी मोकळी झाली. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ पासून 'नॅशनल ज्यूकबॉक्स' नावाने दहा हजारांहून अधिक जुनी मुद्रणे इंटरनेटवर ऐकायला ठेवली आहेत. मुलांनी घरच्यांसोबत जरूर ऐकावीत.

माझी फुलदाणी

आता थोडे स्वतःविषयी. माझे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांना फोनोचा नाद. घरी नाट्यपदांच्या तबकड्यांबरोबर एका सिम्फनीचा चार तबकड्यांचा संच होता. तो कोणाचा होता ते आता सांगता येत नाही, कारण लेबले कसरीने खाल्ली आहेत. मी सातवीत असताना शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरले. त्या काळी जुनी तबकडी गरम पाण्यात मऊ करून, तिच्या कडा वर उचलून फुलदाणी करण्याची टूम होती. मी कपाटातली हाताला लागली ती तबकडी घेतली, फुलदाणी केली आणि बक्षीसही मिळवले. आजोबा काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी तो संच पुन्हा कधी लावला नाही. तेव्हा मला वाटले, त्यांना कंटाळा आला असेल.

कारण मला फार उशिरा कळले. संचातली तिसरी तबकडी नव्हती. दोन तबकड्या ऐकून मग एकदम चौथी, असे ते संगीत ऐकायचे कसे? माझ्याकडे आज सहा बाजू आहेत. खाचांजवळचा क्रमांक भिंगातून वाचून मी दोन वेळा माग काढून पाहिला, अजून लागलेला नाही. उरलेल्या दोन बाजू फुलदाणीवर आहेत. उजेडात धरली की खाचा स्पष्ट दिसतात, पण वाजत नाहीत. वर्गात मी दाखवली ती तबकडी याच संचातली.

म्हणून पालकहो, माळ्यावर अशा तबकड्या असतील तर रद्दीत देण्याआधी एवढे करा.

१. तबकड्या आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या, सरळ ठेवा. ऊन लागू देऊ नका.
२. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेल्या द्रवाने कधीही पुसू नका. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो हे वर आलेच आहे. मऊ कोरड्या ब्रशाने धूळ काढा. फार मळ असेल तर शुद्ध पाण्यात मऊ साबणाचा एखादा थेंब घालून, लेबल न भिजवता, अलगद पुसा.
३. जुन्या फोनोवर गंमत म्हणूनही वारंवार वाजवू नका. दगडाची पूड आणि पोलादी पिन एकमेकांना झिजवतात.
४. लेबलावरचा मजकूर आणि खाचांजवळचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा. लेबलाचा फोटो काढा.
५. संच असेल तर तो फोडू नका. एक बाजू हरवली की बाकीच्यांचे मोल जाते.

विश्वस्त मंडळास एक विनंती. आपल्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत वरच्या खोलीतली एक पेटी खाली आणली गेली आहे. तीत तबकड्या आहेत, असे शिपाईमामांकडून कळले. ती भंगारात जाण्याआधी आठवी-नववीच्या मुलांकडून तिची यादी करून घ्यावी. लेबल, क्रमांक, बाजू, स्थिती, एवढेच चार रकाने पुरेत. यादी झाली म्हणजे कोणती तबकडी दुर्मीळ आणि कोणती सर्वत्र मिळणारी हे जाणकारांना विचारता येईल. सगळ्याच मौल्यवान निघतील असे नाही, बहुतेक साध्याच असतील. पण न पाहता ते ठरवता येत नाही. यादीच्या कामासाठी मी दर शनिवारी शाळेत यायला तयार आहे.

स्वाध्याय

१. बारा इंची तबकडीची एक बाजू चार मिनिटे चालते आणि मिनिटाला ७८ फेरे होतात. एकूण फेरे किती? एका फेऱ्याची सरासरी लांबी ६४ सेंटिमीटर धरल्यास पिन एका बाजूवर किती अंतर चालते? आठ बाजूंवर किती? (पडताळा: एका बाजूवर सुमारे २०० मीटर, आठ बाजूंवर सुमारे १.६ किलोमीटर.)
२. कर्ण्याच्या काळात ट्यूबा आणि स्ट्रो व्हायोलिन का वापरावे लागले? तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'पहिले ध्वनिमुद्रण' असे विधान करताना कोणती काळजी घ्यावी? कार्क आणि निकिश यांच्या उदाहरणावरून सांगा.
४. करून पाहा: कागदाचा कर्णा करा. ट्यूनिंग फोर्क टेबलावर न ठोकता रबरावर ठोका आणि कर्ण्यातून व कर्ण्याशिवाय ऐका. फरक नोंदवा.
५. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा: तुमच्या घरी फोनो होता का? कोणत्या तबकड्या होत्या? त्यांचे पुढे काय झाले? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे माझ्याकडे पाठवा. कोणाच्या घरी सिम्फनीची एखादी सुटी तबकडी निघाली, तर तिचा क्रमांक आधी मला सांगा. मला तिसरी हवी आहे.